चांदीच्या ताटातले प्लग

मोटारीचा प्लग किती टिकतो, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. तो कुठल्या इंजिनात जाऊन पडला त्यावर सगळं अवलंबून असतं. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही, आणि त्या वयात मी पुस्तकं बरीच वाचत असे. हे मी उमरग्यात, आमच्याच घरच्या दोन इंजिनांवरून शिकलो.

पहिलं इंजिन पिठाच्या गिरणीचं. ते घासलेटवर चाले. त्याला एकच प्लग होता आणि तो वर्षानुवर्षं चालायचा. गिरणीला चढ नाही, उतार नाही, कुठं पोचायची घाई नाही. सकाळी सुरू झाली की ती एका चालीनं धडधडत राहायची. प्लगवर काळा थर चढे, तो कुणीतरी फडक्यानं पुसे, आणि पुन्हा महिनोन्महिने त्याच्याकडे कुणी बघत नसे.

दुसरं इंजिन सर्व्हिस मोटारीचं. माझ्या वडिलांची, म्हणजे अप्पांची, एक मोटार उतारू घेऊन उमरग्याहून नळदुर्गावरून सोलापूरला जायची. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा अप्पांनी मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून घेतली. कोळशाच्या गॅसवर मोटार चालते असं तेव्हा सगळे म्हणत. चढ आला की उतारू खाली उतरून तिला ढकलत, आणि तरीही ती चालतेच आहे असं म्हणत. या मोटारीत प्लगचे हाल कुत्रा खात नव्हता. काजळी आणि राख त्यांच्या टोकाशी घट्ट बसायची. नळदुर्गाला थांबून ते काढायचे, घासायचे, परत बसवायचे. असं करूनही काही महिन्यांत एखाद्याची पांढरी चिनी माती तडकायची आणि मोटार एका पायानं लंगडल्यासारखी चालायची.

तिसरं इंजिन आमचं नव्हतं. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य; ते जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारसाहेबांच्या, म्हणजे कलेक्टरच्या, गाडीचं. तिला लढाईतसुद्धा खरं पेट्रोल मिळे. ती सावलीत उभी असे आणि महिन्यातून थोडीच धावे. हिशेबानं तिचे प्लग सर्वांत जास्त टिकायला हवेत. पण तेच सर्वांत लवकर बदलले जात. कारण साहेबांचा शोफर प्रत्येक तालुक्याच्या गावी पोचला की सांगायचा, गाडीचे प्लग गेलेत. तालुक्याचं गाव ते पुरवायचं.

आमची मोटार चालवायचे ते ड्रायव्हर आमच्याच गल्लीच्या मागं राहत. मुसलमान होते. मी त्यांना चाचा म्हणत असे. प्लगच्या बाबतीत त्यांच्याएवढा गर्विष्ठ माणूस मी पाहिला नाही. "माझ्या हातचा पिलग दुसऱ्याच्या दुप्पट चालतो," असं ते कुणालाही सांगत, न विचारता. अमावास्येला नवा प्लग बसवायचा नाही, बसवला तर तो आठवड्यात जातो, हेही ते तितक्याच खात्रीनं सांगत. मी त्यांना एकदा विचारलं, की चंद्राचा आणि ठिणगीचा काय संबंध? ते म्हणाले, "तुमी सोलापूरला शिकलाव नव्हं? मग तुमीच सांगा." काढलेला प्लगही ते टाकून देत नसत. घासून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. गिरणीला चालेल तो एका बाजूला, मोटारीला अजून चार दिवस चालेल तो दुसऱ्या बाजूला.

अप्पांचं सगळं लक्ष मोटारीच्या परमिटवर. ते परमिट साहेबलोकांच्या मर्जीवर होतं, त्यामुळे साहेब गावात आला की अप्पांचा आवाज बदलायचा. घरी ते भारदस्त बोलत. साहेब उतरत त्या सरकारी बंगल्यावर गेले की तोच आवाज बारीक होई, आणि गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून मान लवे. मी कॉलेजात दोन वर्षं काढून परत आलो होतो. उर्दू बरी यायची, म्हणून मला बरोबर नेत. अप्पांची मान किती खाली जाते हे इतक्या जवळून पाहायची वेळ माझ्यावर वारंवार आली.

लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मार्च महिना, ऊन चढायला लागलेलं. आमच्या मोटारीच्या गाद्या शिवणारा एक शिंपी होता. आमच्याच लिंगायत समाजातला, अबोल माणूस. त्याची मुलगी मॅट्रिकला बसणार होती. गावातली शाळा उर्दूत, तीही मुलांची. तिनं घरी बसून, मराठी पुस्तकं गोळा करून अभ्यास केला होता. त्यातली काही माझी होती. पुस्तकं परत आली तेव्हा माझ्यापेक्षा तिनंच ती जास्त वाचल्याचं दिसत होतं. परीक्षेचं केंद्र सोलापूरला, इंग्रजी हद्दीत. तिचं लग्न ठरलेलं होतं. नवऱ्याकडच्यांनी एवढीच सवलत दिली होती, की या वर्षीची परीक्षा होऊ द्या, त्यानंतर एक दिवसही थांबायचं नाही. म्हणजे हे वर्ष हुकलं की परीक्षाच हुकली.

पहिला पेपर सकाळी होता. बाप आणि लेक आदल्या दिवशीच्या मोटारीनं निघायचे होते. अप्पांनी त्यांना शब्द दिला होता, "माझी मोटार हाय. काळजी कशापायी करताव?" त्याच्याही आदल्या दिवशी चाचांनी सोलापूरहून आणलेले चार नवे प्लग मोटारीला बसवले होते. एवढे चांगले प्लग तेव्हा मिळत नव्हते. चाचा त्यांच्याकडे जावयाकडे बघावं तसे बघत होते.

सकाळी मोटार उतारू घेऊन निघायच्या बेतात होती. भट्टी पेटलेली. शिंपी आणि त्याची मुलगी पुढच्या बाकावर बसलेले. तेवढ्यात बंगल्यावरून तहसीलदाराचा शिपाई आला. तालुकदारसाहेबांचा मुक्काम रात्री इथंच पडला होता आणि आज त्यांना पुढच्या गावी दौऱ्यावर जायचं होतं. शोफर म्हणत होता, प्लग गेलेत.

अप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. "मोटार बंगल्यावर घ्या," ते चाचांना म्हणाले. "नवे पिलग काढून साहेबांच्या गाडीला घाला. त्यांचे जुने आपल्याला."

"अप्पा, उतारू बसलेत," चाचा म्हणाले.

"बसू द्या. साहेबाचं काम हाय, उतारूचं न्हाय."

बंगल्यासमोरच्या कडुनिंबाखाली मोटार उभी केली. उतारू आतच बसून राहिले. चाचांनी तोंड वाकडं करत प्लग काढले आणि साहेबांच्या गाडीतले जुने हातात घेऊन म्हणाले, "हे मेलेले दिसतात." त्यांची ही खात्री पुढं साफ खोटी ठरली, पण ते नंतर.

चाचा नवे प्लग थेट शोफरच्या हातात देणार होते. अप्पांनी त्यांना थांबवलं. साहेबाला काही द्यायचं तर ते असं द्यायचं नसतं, हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. घरून चांदीचं ताट मागवलं. त्यात प्लग ठेवले, पानसुपारी ठेवली, नारळ फोडला. मग अप्पांनी विभूतीची वडी काढली, नारळाच्या पाण्यात उगाळली, आणि प्रत्येक प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर तीन बोटांनी ओल्या भस्माचे पट्टे ओढले. कपाळावर ओढतात तसे, आडवे, नीट, एकसारखे. आमच्या मोटारीलाही ते सणाला भस्म लावत, पण पुढच्या जाळीला, चाकांना. प्लग कधी ताटात आलाच नव्हता, त्यामुळे त्याला भस्म लावायची वेळ आली नव्हती.

ताट तहसीलदाराच्या पुढं गेलं. शेरवानी आणि डोक्याला दस्तार घातलेले तहसीलदार ते बघून खूष झाले. निरोपासाठी बोलावलेले ताशेवाले वाजवायला लागले. शोफरनं प्लग, भस्मासकट, गाडीला बसवले.

गाडी सुरू होईना.

हँडल मारलं. गाडी शिंकली. पुन्हा मारलं. दोनदा शिंकून गप्प झाली. ताशेवाल्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून ते वाजवतच होते. साहेब हार घालून गाडीत बसलेले. हार घातलेला माणूस बंद गाडीत बसला की त्याच्याकडे बघवत नाही.

चाचा शोफरच्या जवळ गेले. मी तिथंच उभा होतो. चाचा हळूच म्हणाले, "भाई, वो भस्म गीली है. करंट बाहर से भाग रा. पोंछ डालो."

शोफरनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी विहिरीत उडी मारायला सांगितलं. "मैं पोंछूं? कल कू तुम्हारे सेठ बोलेंगे, हमारे धरम में हात डाला. नक्को जी. तुम पोंछो."

"मैं पोंछा तो भी वहीच बोलेंगे."

गाडीतून साहेबांनी विचारलं, काय भानगड आहे. शोफरनं सांगितलं. साहेब सुशिक्षित गृहस्थ होते. त्यांनी हात वर केला. "रहने दो. मज़हबी मामला है." ते अगदी सभ्यपणे म्हणाले. सगळेच सभ्यपणे उभे राहिले. ते भस्म पुसायचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि तो रिकामं ताट छातीशी धरून उभा होता. आपल्या हातच्या भस्मानं साहेबाची गाडी अडली, हे अप्पांना कळलं होतं. पुसलं तर ते सगळ्यांना कळणार होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खाली बघायला लागलो.

साहेबांनी घड्याळ काढलं. तहसीलदार पुढं झाले. "सेठ, आपकी मोटर साहब की खिदमत में लगाइए. दौरा खतम होने तक."

"जी हुजूर," अप्पा म्हणाले. "मोटार आपलीच हाय."

शिपायानं उतारूंना उतरायला सांगितलं. माणसं उतरली. कुणी कुरकुरलं नाही, गाठोडी काढली आणि झाडाखाली बसली. आमच्याकडे माणसांना याची सवय होती. शिंपी मात्र अप्पांच्या पुढं आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज मी असा ऐकला.

"अप्पा, उद्या सकाळी पोरीचा पेपर हाय. आज न्हाय पोचलो तर गेलं सगळं. तुमी शबूद दिलता."

"पेपर पुढच्या साली बी येतोय," अप्पा म्हणाले. "साहेब पुढच्या साली येतेल का?"

ताशे तेवढ्यात थांबले होते. वाक्य सगळ्यांनी ऐकलं.

मुलगी अजून मोटारीतच होती. ती खाली उतरली, बापाच्या जवळून गेली, माझ्या जवळून गेली, आणि साहेबांच्या गाडीच्या उघड्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. आमची मोटार त्या गाडीला लागूनच उभी होती; चाचांचं बोलणं तिनंही ऐकलं असणार. ती शोफरला म्हणाली, "तारा काढा."

शोफरनं का कोण जाणे, काढल्या.

तिनं पदराचं टोक घेतलं आणि पहिला प्लग पुसला. कोरडा होईपर्यंत पुसला. मग पदराला लागलेलं भस्म बोटानं उचललं आणि कपाळाला लावलं. दुसरा पुसला, लावलं. तोवर गर्दीतून ओरडा सुरू झाला.

"आगं आगं! काय करतीस?"

"इभूत पुसली की वो पोरीनं!"

"पुसली न्हाय," ती मागं न बघता म्हणाली. "लावून घेतली."

चारही प्लग झाले तेव्हा तिचं कपाळ पांढरं झालं होतं. शोफरनं तारा लावल्या, हँडल मारलं. गाडी सुरू झाली. ताशे पुन्हा वाजायला लागले. साहेबांनी काच खाली करून कुणाकडे पाहिलं? अप्पांकडे. "शुक्रिया, सेठ." प्लग अप्पांचे होते ना. गाडी गेली.

धूळ बसायच्या आत अप्पांना आवाज फुटला. घरातला, भारदस्त आवाज. "ह्या पोरीला माझ्या मोटारीत जागा न्हाय! देवाचं भस्म पुसणारीला..."

पण तोवर चाचांनी साहेबांचे जुने प्लग आमच्या मोटारीत बसवले होते, भट्टीचा पंखा फिरवला होता, आणि ते मेलेले प्लग पहिल्याच झटक्याला पेटले होते. बाप आणि लेक पुढच्या बाकावर. बाकीचे उतारू मागून चढत होते.

"उतरवा तिला!" अप्पा ओरडले.

"काय म्हन्ताव, अप्पा?" चाचांनी कानाला हात लावला. "भट्टीचा लई आवाज हाय, काई ऐकू येईना!"

आणि मोटार निघाली. अप्पा चांदीचं ताट घेऊन रस्त्यात उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी. लोक आमच्याकडे बघत होते, आणि बघत नसल्यासारखं करत होते.

ती पेपरला पोचली. कपाळावरचं भस्म तसंच ठेवून पेपरला बसली, असं चाचा पुढं सांगत. त्यात मीठमसाला किती, मला माहीत नाही. ती पास झाली. लग्नही झालं. नवरा समंजस निघाला आणि तिनं पुढं शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. साहेबांचे ते प्लग आमच्या मोटारीत बरेच दिवस चालले, कोळसा खाऊनसुद्धा. थकले तेव्हा चाचांनी ते घासून डब्यात ठेवले. ते मोडीत निघाले नाहीत याचं अप्पांना बरं वाटलं. साहेबांची आठवण म्हणून कपाटात ठेवावेत, असं त्यांच्या मनात होतं.

मग निजामाचं राज्य गेलं. हिंदी फौजा आल्या आणि रझाकारांची दहशत संपली. त्या आनंदात आमच्या भागातल्या अनेक गावांत जे झालं, ते फारसं कुणी लिहीत नाही. रझाकारांचा सूड त्यांच्याशी काहीएक संबंध नसलेल्या मुसलमान घरांवर उगवला गेला. माणसं मारली गेली, घरं लुटली गेली. चाचा रझाकार नव्हते. त्यांना मोटारीशिवाय कशातच गम्य नव्हतं.

एका सकाळी ते आमच्या दारात आले. बायको आणि सून मागं गाठोडी घेऊन उभ्या. चाचांनी मोटारीची किल्ली आणि प्लगचा डबा अप्पांच्या पुढं ठेवला.

"येतो, अप्पा."

"जपून जावा," अप्पा म्हणाले.

आमच्या गिरणीमागं एक मोठी, रिकामी खोली होती. ती तिथं आहे हे त्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. चाचा थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मोटारीला पिलग अमावास्येला घालू नका," आणि गेले.

त्यानंतरच्या वर्षात सत्कारांची साथ आली. ज्यांनी ज्यांनी निजामाच्या साहेबांना ताटं दिली होती, ते सगळे आता त्यांच्याविरुद्ध लढलेले निघाले. अप्पाही निघाले. नव्या मराठी शाळेच्या पटांगणात मांडव घातला. कर्णा लावला. अध्यक्षांनी आपल्या भाषणात गोष्ट सांगितली: निजामाचा अधिकारी मस्तीत गाडी घेऊन निघाला असता अप्पांनी निव्वळ विभूतीच्या बळावर ती गाडी रोखून धरली, आणि आपली मोटार एका होतकरू मुलीसाठी सोलापूरला सोडली. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो. अप्पा गोष्ट ऐकत मान डोलवत होते. मला वाटतं, तोवर त्यांना ती खरी वाटायला लागली होती. मला तसं वाटेना, आणि निसटायला मांडवाला मागं दारही नव्हतं.

ती होतकरू मुलगी आता त्याच शाळेत शिक्षिका होती. हार घालायला तिलाच बोलावलं. तिनं अप्पांना हार घातला, वाकून नमस्कार केला. अध्यक्ष म्हणाले, बाई, दोन शब्द बोला.

ती कर्ण्यापुढं उभी राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मोटार चाचांनी नेली. चाचा कुठं हायत?"

ती उत्तराची वाट बघत थांबली. वर्गात थांबतात तशी. तिची नजर मांडवभर फिरली आणि पहिल्या रांगेवर आली. कर्ण्यातून नुसती घरघर येत होती. मग अध्यक्षांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि लोकांनी सुटका झाल्यासारख्या वाजवल्या.

अप्पा आणि मी घरी आलो. दारात हार काढताना त्यांनी विचारलं, "तुला ठावं हाय का, कुठं गेला त्यो?"

"नाही."

"इचारायला पायजे हुतं," ते म्हणाले. कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात गिरणी बंद पडली. इतकी वर्षं चाललेला तिचा प्लग अखेर गेला होता. मी पत्र्याचा डबा उघडला. गिरणीला चालतील त्या बाजूला तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला एक प्लग होता, साहेबांच्या गाडीतला. चिनी माती आरशासारखी स्वच्छ. मी तो बसवला. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं आणि पूर्वीसारखं एका चालीनं धडधडू लागलं.

आवाज ऐकून अप्पा गिरणीच्या उंबऱ्यापर्यंत आले. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं, मग मागच्या रिकाम्या खोलीच्या दाराकडे. आणि परत गेले.